मोटरहोमचं भरकटणं : स्टेअरिंग दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर

आधी गाडीची, म्हणजे आमच्या मोटरहोमची (चाकांवरचं घर), ओळख लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावर बेतलेले आहेत. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. पुढे एकसंध आय-बीम ॲक्सल आणि किंगपिन (ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती), पुढे-मागे दोन्हीकडे पाटे, मागे डबल टायर. लांबी १०.२ मीटर, व्हीलबेस ५.३ मीटर. म्हणजे मागच्या ॲक्सलच्या पाठीमागे ३.७ मीटर शेपूट लोंबतंय आणि व्हीलबेस लांबीच्या जेमतेम ५२ टक्के आहे. इतक्या शेपटीची गाडी सरळ ठेवणं मुळातच थोडं अवघड, पण आत्ता होतंय तितकं नाही.

तक्रार अशी : ८० च्या वेगाला, सरळ सपाट रस्त्यावर, वारा नसतानाही स्टेअरिंग सारखं सावरत राहावं लागतं. गाडी थोडी डावीकडे सरकते, सावरली की उजवीकडे. दोन तास चालवलं की खांदे आखडतात.

‘गाडी नीट चालत नाही’ या एका वाक्यात निरनिराळे आजार मावतात, म्हणून ते आधीच वेगळे केले. कायम एकाच बाजूला जाते ते खेचणं : ब्रेक घासतोय, एखादा टायर बिघडलाय किंवा दोन बाजूंच्या कॅस्टरमध्ये (किंगपिनच्या मागच्या कलात) फरक आहे. शेजारून मोठा ट्रक गेला की ढकलली जाते ते बहुतेक मागच्या बाजूचं दुखणं. उंचवट्यावरून जाताना स्टेअरिंग आपोआप फिरतं तो पाट्यांच्या आणि ड्रॅग लिंकच्या (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) हालचालीतला विसंवाद. आणि यातलं काहीही नसताना दोन्हीकडे वाहत राहते ते खरं भरकटणं. आपल्याकडे हा शेवटचा प्रकार आहे, आणि ट्रकच्या ढकलण्याचा थोडा भाग सोबत आहे.

मोजायची सोय : स्टेअरिंगच्या वरच्या टोकाला पांढरी पट्टी चिकटवली, मोबाइल क्लॅम्पने मागे लावला. ठरलेला एकच सरळ तुकडा, वेग ८०, वारा पडलेला असताना. नंतर व्हिडिओ बघून मिनिटाला किती वेळा सावरावं लागलं ते मोजायचं. चालवणार ताई, कारण तिचा हात स्थिर आहे. माझा हात गरज नसतानाही वळवळतो. आजचा आकडा मिनिटाला ४२.

नियम एकच : एका वेळी एक बदल, मग चाचणी.

५ ऑक्टोबर

वजनकाटा. आधी फक्त पुढचा ॲक्सल, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागचा. पाण्याची टाकी भरलेली, सामान नेहमीचं, आम्ही दोघं आत. पुढे २,७४० किलो, मागे ६,६१०. एकूण ९,३५०. पुढे फक्त २९ टक्के.

बऱ्याच गॅरेजात या पायरीला कोणी हात लावत नाही; थेट अलाइनमेंट मशीनवर गाडी चढते. पण पुढच्या चाकांवर भारच नसेल तर त्यांनी सरळ राहायचं कशाच्या जोरावर? वळलेलं चाक परत सरळ होतं ते रस्त्याच्या रेट्यामुळे, आणि तो रेटा चाकावरच्या वजनाच्या प्रमाणात असतो.

शेपटाकडच्या पेटीत हत्यारं, साखळ्या, सुटे भाग आणि तेलाचे डबे मिळून १५० किलो निघालं. ही पेटी मागच्या ॲक्सलच्या ३.२ मीटर मागे आहे. तरफेचा हिशेब : १५० गुणिले ३.२ भागिले ५.३, म्हणजे पुढच्या ॲक्सलवरून ९१ किलो उचललं जातं आणि मागच्यावर १५० नाही, २४१ किलो पडतं. ते सगळं पुढच्या ॲक्सलच्या जरा मागे असलेल्या खालच्या कप्प्यात हलवलं. पाण्याची टाकीही मागच्या ॲक्सलमागे दीड मीटरवर आहे, म्हणून प्रवासात ती पावच ठेवायची असं ठरलं. ताईला हे पटलं नाही. “पाणी कमी आणि वळवळ कमी, की पाणी भरपूर आणि वळवळ भरपूर?” असं मी विचारल्यावर म्हणाली, “दोन्ही चांगलं करून दाखव, मग बोलू.”

पुन्हा काटा : पुढे ३,०२०, मागे ६,१००. पुढचा वाटा ३३ टक्के. एक पैचंही सामान न लावता पुढच्या चाकांवर २८० किलो वाढलं.

६ ऑक्टोबर

हवा. पुढच्या दोन्ही टायरांत थंड असताना ११० पीएसआय. आकडा कुठून आला ते टायरच्या बाजूवरच छापलेलं आहे, पण तो त्या टायरवरच्या कमाल भारासाठी असतो, प्रत्येक गाडीसाठी नव्हे. काट्यावर एका वेळी एकाच बाजूची चाकं घेऊन पुढचा भार वेगवेगळा काढला : एका चाकावर १,५४०, दुसऱ्यावर १,४८०. टायर उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यात जड चाकाचा आकडा शोधला, थोडी सूट ठेवली आणि दोन्हीकडे ८५ केलं. एका ॲक्सलवर दोन्ही बाजूंना दाब सारखाच ठेवायचा, हलक्या बाजूला कमी नाही. मागच्या चारांत ९०. आतल्या टायरांची हवा तपासायचा सगळे कंटाळा करतात; आमच्या एका आतल्या टायरात ७० होती.

गरजेपेक्षा जास्त हवेने टायर टणक होतो आणि रस्त्याला टेकणारा तुकडा आखूड होतो. चाकाला सरळ करणाऱ्या जोरातला मोठा हिस्सा त्या तुकड्याच्या लांबीतून येतो. उलट, तक्त्यापेक्षा कमी हवा भरून ‘मऊ’ चालवणं हा उपाय नव्हे. टायर तापतो आणि फुटतो.

टायरवरचे तारखेचे चार अंक पाहिले (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष). वय ठीक, भेगा नाहीत.

चाचणी : वजन आणि हवा मिळून ४२ चे ३१. हे दोन बदल एकत्र मोजले, कारण वजन बदललं की हवा बदलावीच लागते.

१० ऑक्टोबर

आज प्ले, म्हणजे सांध्यांतली ढिलाई, शोधायचा दिवस. गाडी जमिनीवर, इंजिन चालू, ताई स्टेअरिंगवर, मी खाली खडू आणि टॉर्च घेऊन. हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण्या. तिने स्टेअरिंग मध्यापासून थोडं इकडे, थोडं तिकडे हलवायचं. टायर हलायच्या आत थांबायचं.

“हलव.”

“किती?”

“मी थांब म्हणेपर्यंत, पण अगदी हळू.”

स्टेअरिंगच्या कडेला एकूण ५० मिमी रिकामी हालचाल. आता ती कुठे मुरते ते एकेका सांध्यावर बघायचं : कॉलमचा शाफ्ट, त्याचे क्रॉस (फिरते सांधे), स्टेअरिंग बॉक्समध्ये (दात्यांच्या पेटीत) जाणारा दांडा, बॉक्समधून निघणारा पिटमन आर्म, ड्रॅग लिंकची दोन टोकं, दोन पुढची चाकं जोडणाऱ्या टाय रॉडची दोन टोकं. प्रत्येक सांध्यावर आरपार खडूची रेघ ओढायची. रेघ तुटली की तिथे प्ले.

कॉलम ठीक. बॉक्स चासीवर घट्ट, बोल्टजवळ रंग फुटलेला नाही. पिटमन आर्मकडचा ड्रॅग लिंकचा बॉल जॉइंट मात्र उघड उघड गेलेला. आर्म सुमारे ३ मिमी जातो तेव्हा कुठे लिंक हलते. टाय रॉडची टोकं घट्ट आहेत.

मग पुढचा ॲक्सल उचलून घोड्यांवर (लोखंडी आधारांवर). नुसत्या जॅकवर या वजनाच्या गाडीखाली कोणी जाऊ नये, मिनिटभरही नाही. चाक वर-खाली धरून हलवलं. ड्रायव्हरसाइडला बेअरिंगचा किंचित प्ले होता तो काढला. किंगपिनलाही थोडा प्ले, पण मर्यादेत. क्लीनरसाइडच्या (ड्रायव्हरच्या पलीकडच्या बाजूच्या) किंगपिनला शून्य. दोन्ही एकाच वयाचे, एकाच रस्त्यावर फिरलेले. एकाला थोडा प्ले आणि दुसऱ्याला मुळीच नाही. वहीत प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं.

१३ ऑक्टोबर

ड्रॅग लिंकचं टोक बदललं. कॅसल नट (खाचा असलेला नट) टॉर्क रेंचने आवळला. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी पुढे न्यायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. स्प्लिट पिन नवीच.

रिकामी हालचाल ५० वरून ३० मिमी. अजून जास्त आहे, आणि ती आता बॉक्समध्ये दिसते.

इथे अनेकजण पाना घेऊन बॉक्सच्या डोक्यावरच्या ॲडजस्टिंग स्क्रूकडे धावतात. मी आधी बॉक्सचा मध्य तपासला. अशा रीसर्क्युलेटिंग बॉल (आत गोळ्या फिरणाऱ्या) बॉक्समध्ये दात मुद्दाम मधोमध थोडे घट्ट बसवलेले असतात. मध्यापासून दूर गेलं की थोडी मोकळीक येते. म्हणजे गाडी सरळ जात असताना बॉक्स आपल्या मध्यावरच असायला हवा. ड्रॅग लिंक सोडून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं : ५ फेरे. मध्य अडीचवर. पण चाकं सरळ असतानाची खूण मध्यापासून पाव फेरा लांब निघाली. पूर्वी कधीतरी लिंकची लांबी भलतीकडे नेऊन, वर स्टेअरिंग काढून आऱ्या सरळ दिसतील असं पुन्हा बसवलं असणार. वरून सगळं सुबक, आत बॉक्स कायम आपल्या ढिल्या जागेत चालतोय.

बॉक्स मध्यावर आणला, स्टेअरिंग त्याप्रमाणे स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) सरळ बसवलं (एअरबॅग असेल तर आधी बॅटरी सोडून, मॅन्युअलमध्ये सांगितल्याइतका वेळ थांबून) आणि चाकं सरळ येतील अशी ड्रॅग लिंकची लांबी जुळवली. रिकामी हालचाल १५ मिमी. स्क्रूला हातही लावला नाही. तो गरजेपेक्षा आवळला की बॉक्स मध्यावर अडतो, स्टेअरिंग परत येत नाही आणि दात झिजतात. प्ले गेल्यासारखा वाटतो आणि भरकटणं वाढतं.

चाचणी : ३१ चे २४.

१४ ऑक्टोबर

व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. प्ले असताना पट्टी झटक्याने, छोट्या अंतरात हलते. आता तसं होत नाही. आता पट्टी हळू जाते, तिथेच बसून राहते, मग ताई ती परत आणते, आणि मग ती दुसरीकडे बसून राहते. गाडी लांबट नागमोडी चालते आहे.

मोकळ्या सपाट आवारात, १५ च्या वेगाला स्टेअरिंग पाव फेरा वळवून हात सैल सोडायचा. एका बाजूने अर्धवट परत आलं. दुसऱ्या बाजूने जिथे ठेवलं तिथेच राहिलं.

सगळ्या शोधाशोधीत हाच भाग सुटतो असं माझं मत झालंय. भरकटणं म्हटलं की सगळे ढिलाई शोधतात. आखडलेपण कोणी शोधत नाही. खरं तर दोन जोरांची झटापट आहे. एक, चाकांना सरळ आणणारा जोर : वजन, कॅस्टर, टायरचा टेकलेला तुकडा. दुसरा, त्यांना अडवणारं घर्षण : किंगपिन, सांधे, बॉक्स, कॉलमचे क्रॉस. पहिला दुसऱ्याला हरवू शकला नाही की प्रत्येक सावरणं चाक भलतीकडे ठेवून संपतं, आणि त्यासाठी पुन्हा सावरावं लागतं. पॉवर स्टेअरिंगमुळे हाताला हे आखडलेपण जाणवतही नाही. म्हणून ते शोधायचं तर पॉवर बाजूला काढूनच.

१७ ऑक्टोबर

पुढचा ॲक्सल घोड्यांवर, दोन्ही चाकं अधांतरी. ड्रॅग लिंक स्टेअरिंग आर्मवरून सोडली. आता चाकं हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज फिरायला हवीत. फिरत होती, पण मध्याजवळ जड.

बॉक्स आणि कॉलम वेगळे तपासले : मोकळे. मग टाय रॉडही एका टोकाला सोडला, म्हणजे दोन चाकं एकमेकांपासून सुटली. ड्रायव्हरसाइडचं एका हाताने फिरलं. क्लीनरसाइडच्याला दोन्ही हात आणि खांदा लावावा लागला. आर्मच्या टोकाला ताणकाटा अडकवून ओढला : एकीकडे ६ किलो, दुसरीकडे २१.

दहा तारखेचं प्रश्नचिन्ह सुटलं. शून्य प्ले होता, कारण किंगपिन बुशमध्ये धरून बसला होता.

ग्रीसगन लावली. वरच्या निप्पलमधून ग्रीस गेलं, बाहेर आलं. खालच्या निप्पलला ग्रीस आत न जाता गन मागे ढकलली जात होती. निप्पल काढलं तर आत जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. ते तारेने उकरलं, भेदक तेल सोडलं, रात्रभर ठेवलं.

१८ ऑक्टोबर

सकाळी ग्रीस आत गेलं. पहिल्यांदा गंजाचा तांबडा चिखल बाहेर आला, मग काळं, मग स्वच्छ. ताणकाट्यावर २१ चे १४. सुधारलं, पण मध्याजवळची अडण तशीच. अडण नेमकी मध्याजवळ यायलाही कारण आहे : गाडीचा बहुतेक वेळ सरळ जाण्यात जातो, त्यामुळे खड्डा तिथेच पडतो.

किंगपिन बदलायचे. दोन्ही बाजूंचे, कारण सगळं सुटलेलंच आहे.

२४ ऑक्टोबर

किंगपिनचं काम प्रेस आणि रीमर असलेल्या गॅरेजात करून घेतलं. मी शेजारी उभा होतो. क्लीनरसाइडची पिन काढायला ताप द्यावा लागला. खालच्या बुशवर मध्याच्या जागी चर, आणि थ्रस्ट बेअरिंगचे (वरून येणारं वजन पेलणाऱ्या बेअरिंगचे) रोलर गंजून जागच्या जागी अडकलेले. गाडीचं वजन ज्या बेअरिंगवर फिरायला हवं तेच फिरत नव्हतं.

नवे बुश दाबून बसवले, दोन्ही बुशमधून एकदमच जाणारा लांब रीमर मारला म्हणजे वरचं-खालचं भोक एका रेषेत राहतं. पिन तेल लावून हाताने आत गेली. थ्रस्ट बेअरिंग नवं, त्याची झाकण असलेली बाजू मॅन्युअलप्रमाणे. शिम (पातळ चकत्या) घालून नकलची (किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाची) वर-खाली मोकळीक मर्यादेत आणली. इथे घाई केली की नवा किंगपिनसुद्धा पहिल्या दिवसापासून आखडलेला राहतो.

ताणकाटा : दोन्हीकडे ५ ते ६ किलो.

ग्रीस देताना चाकं जमिनीवर असावीत की उचललेली, याबद्दल ॲक्सल बनवणाऱ्यांच्या सूचना सारख्या नाहीत. ज्याचा ॲक्सल त्याच्याच मॅन्युअलमधली सूचना पाळावी. ग्रीस सगळ्या कडांतून बाहेर दिसेपर्यंत द्यायचं, हे मात्र बहुतेक ठिकाणी सारखं.

२६ ऑक्टोबर

चाचणी : २४ चे १५. आवारात आता स्टेअरिंग दोन्हीकडून परत येतं, पण शेवटची थोडी हालचाल आळसाने. ताईचं म्हणणं, “हाताला आता गाडी कळते.” मोजता येणारं नाही, पण लिहून ठेवलं.

आता कुठे अलाइनमेंटची पाळी. पूर्वीचा एक छापील अहवाल आमच्याकडे आहे, सगळे चौकोन हिरवे. कॅस्टर ड्रायव्हरसाइड २.७ अंश, क्लीनरसाइड २.३. मर्यादेत आहे, म्हणून हिरवं. पण मर्यादा बरीच रुंद असते, आणि तिच्या खालच्या टोकाशी असलेली लांब शेपटीची गाडी नागमोडी चालली तरी चौकोन हिरवाच राहतो. शिवाय अडकलेल्या किंगपिनवर घेतलेली मापं कागदापुरतीच.

३१ ऑक्टोबर

कॅस्टर म्हणजे किंगपिनचं वरचं टोक मागे कललेलं असणं. सायकलचा पुढचा काटा कललेला असतो तसंच; हात सोडला तरी सायकल सरळ जायला त्याचीही मदत होते.

मोजण्याआधी गाडीची उंची तपासली. मागच्या पाट्यांच्या मदतीला कोणीतरी हवेच्या बॅगा बसवलेल्या आहेत. कारण उघड आहे : शेपटात वजन, मागचा भाग खचलेला, मग हवा भरून वर उचलला. उचलता उचलता तो मॅन्युअलच्या मापापेक्षा ४५ मिमी वर गेला. ५.३ मीटर व्हीलबेसवर ४५ मिमी म्हणजे सगळी गाडी जवळपास अर्धा अंश नाकावर झुकली, आणि तेवढा कॅस्टर गेला. शेपटातलं वजन आता हललंय, त्यामुळे बॅगांची हवा कमी करून उंची मापावर आणली.

मग मोजणी. प्रत्येक पुढच्या चाकाखाली दोन पत्रे, मध्ये ग्रीस, म्हणजे टायर अडखळत नाही. मागच्या चाकांखाली तेवढ्याच जाडीचे पत्रे. चाक २० अंश बाहेर वळवून कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) घेतला, २० अंश आत वळवून पुन्हा घेतला. फरकाला दीडने गुणलं की कॅस्टर. ३.२ आणि २.८ आले. जुन्या अहवालात अर्धा अंश मिळवला की हेच येतं, तेव्हा मापं विश्वासाची.

७ नोव्हेंबर

पाट्यांच्या खाली २ अंशाच्या लोखंडी पाचरी घातल्या. अशा वजनाला ॲल्युमिनियमच्या नकोत, त्या चेपतात आणि मग यू-बोल्ट सैल पडतात. आमच्याकडे पाटा ॲक्सलच्या वर बसतो, म्हणून जाड बाजू मागे; ॲक्सलचं डोकं त्यामुळे मागे कलतं. पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर उलट. पाचर घातल्यावर सेंटर बोल्टचं (पाटे एकत्र बांधणाऱ्या बोल्टचं) डोकं ॲक्सलच्या भोकात पुरेसं बसतंय का ते बघायचं. यू-बोल्ट नवे घेतले, कारण जुने एकदा ताणले गेलेले असतात. गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावरच शेवटचा टॉर्क.

कॅस्टर आता ५.१ आणि ४.८. दोन बाजूंत थोडा फरक ठीक असतो. कमी कॅस्टरच्या बाजूला गाडी किंचित ओढली जाते आणि रस्त्याच्या उताराशी त्याचा मेळ घालता येतो. जास्त कॅस्टर हवाच असं मात्र नाही. फार वाढवला की स्टेअरिंग जड होतं आणि खड्ड्यात चाकं थरथरायला लागतात.

कॅस्टर बदलला की टो-इन (पुढच्या दोन चाकांच्या पुढच्या कडा किती आत वळलेल्या आहेत ते) पुन्हा मोजावंच लागतं. टायर फिरवत त्यावर बारीक रेघ आखली आणि हबच्या उंचीवर पुढचं-मागचं अंतर घेतलं. १ मिमी टो-आउट, म्हणजे उलट बाहेर, निघालं! मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीत रस्त्याचा विरोध पुढची चाकं बाहेर फाकवतो, म्हणून उभ्या गाडीत थोडं आत असावं लागतं, तेव्हा धावताना ती समांतर होतात. टो-आउटमध्ये ज्या चाकावर भार जास्त ते आपल्या दिशेला ओढतं, आणि भार तर सारखा बदलतो. २ मिमी टो-इन ठेवलं, टाय रॉडचे क्लॅम्प आवळले, स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून क्लॅम्पचे बोल्ट कशाला लागत नाहीत ना ते पाहिलं.

चाचणी : १५ चे ९. ताईने दोन बोटांनी चालवून दाखवली. मी म्हटलं, दोन्ही हात ठेव.

१४ नोव्हेंबर

उरलेला भाग ट्रकचा. मोठं वाहन शेजारून गेलं की आधी शेपूट ढकललं जातं, मग ओढलं जातं. ढकललं गेलेलं शेपूट मागच्या ॲक्सललाही किंचित वळवतं, आणि मागून वळणाऱ्या गाडीला पुढून सावरणं हे कायम उशिरा होतं.

ताईने गाडीच्या मागच्या कोपऱ्याला खांदा लावून लयीत ढकललं, मी खाली ॲक्सल आणि चासी यांच्यामध्ये मोजपट्टी धरली. चासी ॲक्सलवर आडवी ८ मिमी सरकते. यातला काही भाग शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या दुव्याच्या) रबरी बुशचा. ते चिरलेले निघाले, बदलले. ५ मिमी उरले. पाटे मुळातच आडवे थोडे वाकतात, त्याला बुश काय करणार.

डाव्या-उजव्या व्हीलबेसमध्येही फरक नाही ना ते ओळंबा सोडून पाहिलं. फरक ३ मिमी, चिंता नाही.

२१ नोव्हेंबर

मागे पॅनहार्ड रॉड बसवला : एक टोक ॲक्सलला, दुसरं चासीला, मध्ये आडवा दांडा. शक्य तितका लांब आणि गाडी मापाच्या उंचीवर असताना शक्य तितका आडवा. तिरका बसवला तर मागचा भाग वर-खाली होताना ॲक्सलच बाजूला ढकलला जातो. अँटी-रोल बार आणि हा एक नव्हे. बार गाडीचं कलणं अडवतो, हा आडवं सरकणं अडवतो. आमच्याकडे पहिला होता, दुसरा नव्हता.

शांत रस्त्यावर आकडा तोच, ९ च्या आसपास. पण ट्रक जाताना पट्टीची हालचाल निम्म्यावर आली. जोरदार बाजूचा वारा असेल तेव्हा १०.२ मीटरच्या उभ्या भिंतीला तो लागणारच; तिथे वेग कमी करणं हाच उपाय आणि तो फुकट आहे.

२३ नोव्हेंबर

स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे हिसके शोषणारा दांडा) लावावा का, हा प्रश्न अनेकांनी विचारला. स्प्रिंगवाला, मध्यावर आणणारा प्रकार लावला की भरकटणं लगेच कमी वाटतं, यात शंका नाही. पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातातून हिसकलं जाऊ नये, यासाठी त्याची मदत मला मान्य आहे. पण तो जर सतरा ऑक्टोबरच्या आधी लावला असता तर गंजलेलं थ्रस्ट बेअरिंग त्याच्या स्प्रिंगमागे दडून राहिलं असतं. आता गाडी स्वतःहून सरळ येते, तेव्हा तूर्तास नको. पुढे लावलाच तर तो टायर फुटण्याच्या भीतीसाठी असेल.

१२ डिसेंबर

लांबचा प्रवास करून आलो, गाडी भरलेली.

यू-बोल्ट पुन्हा टॉर्क केले. दोन नट जरासे फिरले, बाकी जागच्या जागी. पॅनहार्ड रॉडचे बोल्टही आवळून पाहिले. पुढच्या टायरांच्या खाचांवरून हात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवला, दोन्हीकडे सारखंच लागलं, म्हणजे टो-इन बरोबर आहे. किंगपिनच्या चारही निप्पलना ग्रीस, चारही कडांतून स्वच्छ बाहेर. हे आता ऑइल बदलायच्या वेळापत्रकाला जोडलं आहे.

बाकी राहिलेलं : पुढचे शॉकॲब्जॉर्बर, एकातून तेलाचा ओलसरपणा दिसतोय. भरकटण्याशी त्याचा थेट संबंध नाही, म्हणून ते वेगळं काम. आणि पाण्याच्या टाकीचा प्रश्न. ताईला ती पुढच्या ॲक्सलच्या जवळ हलवून हवी आहे, म्हणजे पूर्ण भरता येईल. चासीच्या आतली जागा मोजली, २०० लिटरची टाकी बसेल असं दिसतं.